इजिप्तसर आणि आठ नंबरची खोली

इजिप्तसर उलटे चालायचे. रस्त्यानं नव्हे, रस्त्यानं ते चारचौघांसारखेच, सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून जायचे. पण आमच्या शाळेच्या आठ नंबरच्या खोलीत पाऊल टाकलं, की ते मुलांकडे तोंड करत आणि बोलत बोलत पाठीमागं सरकत जात. दोन्ही बाजूंना मडकी, पुतळे, पुठ्ठ्याचे खांब. पण वीस मिनिटांत त्यांचा कोपर कशाला लागला असं कधी झालं नाही. तरुणपणी कलाशिक्षकांच्या शिबिराला मुंबईला गेले असताना एका प्रदर्शनात त्यांनी असा चालणारा गाईड पाहिला होता. "बघणाऱ्याकडं पाठ करून दाखवायचं नसतं, मॅडम," ते मला सांगायचे. "त्याच्या डोळ्यांत बघायचं. तो कुठं अडला ते कळतं." त्याच प्रदर्शनात त्यांनी आयुष्यातली एकमेव खरी ममी बघितली, तीही काचेतून. तेव्हा जे खूळ डोक्यात शिरलं ते काही निघालं नाही.

नेवाशापासून थोड्या अंतरावर, प्रवरेच्या काठी आमची शाळा. सर चित्रकला शिकवायचे आणि मी मराठी. त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीपटावर होतं. गाव त्यांना इजिप्तसरच म्हणायचं. "आपली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. ती कैरोला कधी जाणार? तर कैरोनंच इकडं यावं," असं म्हणून त्यांनी सात-आठ वर्षं खपून कैरो इकडं आणलं. मेलेल्याची आतडी-फुप्फुसं ठेवायची म्हणून कुंभाराकडची चार गाडगी, त्यांच्या झाकणांवर माकड, कोल्हा, ससाणा आणि माणूस. पाचट आणि शाडूचा स्फिंक्स. गणपतीच्या मुकुटांना लावून उरलेला सोनेरी रंग. नदीकाठचं लव्हाळं उभं चिरून, ठोकून, दगडाखाली दाबून केलेला कागद. फरशीवर निळ्या रंगाचा पट्टा म्हणजे नाईल. चपला बाहेर काढायच्या, रांगेनं आत यायचं आणि पट्टा उडी मारून ओलांडायचा, कारण पलीकडचा काठ मेलेल्यांचा. पाचवीची पोरं उडी मारताना खरोखर श्वास धरायची.

एकदा पालकसभेला आलेली एक आजी नातवाचा हात धरून त्या खोलीत शिरली. कुत्र्याच्या तोंडाचा काळा देव बघून तिनं कनवटीची पुडी सोडली आणि त्याच्या कपाळाला भंडारा लावला. खंडोबाचं कुत्रं म्हणून! शिपाई फडकं घेऊन धावला, तर सरांनी त्याला अडवलं. "राहू दे. तिथल्या म्हाताऱ्या तरी दुसरं काय करत असतील?" तेव्हापासून तो इजिप्तचा देव कपाळाला हळद लावून उभा असायचा. आम्ही शिक्षक मंडळी यावर भरपूर हसलो. सगळ्यांत जास्त मी. माझी जीभ तशी बरी नाही.

आणि खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीशी ममी होती. हिची हकीकत मला फार उशिरा कळली. माझ्यासारखी तुमचीही फसगत नको म्हणून आधीच सांगते.

मी शाळेत रुजू झाले त्याच्या आदल्या वर्षी सरांचा एकुलता एक मुलगा, ओंकार, गेला. गळिताचा हंगाम, तिन्हीसांजेची वेळ, पुढं उसाची डबल ट्रॉली आणि तिला मागं लाल दिवा नाही. मोटारसायकल थेट आत घुसली. एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या दोन वर्षं आधी, तो अकरावीत असताना, सरांनी ममीसाठी त्याच्याच अंगाचा साचा घेतला होता. हाडांच्या डॉक्टरांकडून मुदत संपलेली प्लास्टरची बँडेजं आणली, त्याला घरातल्या टेबलावर निजवला, अंगभर व्हॅसलीन चोपडलं, नाकात पेप्सीच्या दोन नळ्या घातल्या. पोरगं सारखं फिदीफिदी हसत होतं. सर ओरडले, "हसू नकोस! तू मेलायस आता. मेलेला हसतो का?" त्यांची बायको दारात उभी होती. मग प्लास्टर वाळलं, दोन्ही बाजूंनी कापून त्याला बाहेर काढलं, दोन अर्धी जोडून चहाच्या पाण्यात बुडवलेल्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या, आणि ममी तयार झाली. तालुक्याच्या प्रदर्शनात तिला बक्षीसही मिळालं.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. सरांचा मुलगा अपघातात गेला एवढंच कानावर होतं. फेरीत सर ममीपाशी येत, "आणि ही ममी" एवढंच म्हणत आणि पुढं सरकत. बाकी गाडग्यांवर पाच-पाच मिनिटं बोलणारा माणूस इथं तीन शब्दांत आटोपतो, याचं मला आश्चर्य वाटायचं. कंटाळले असतील, असं मी ठरवून टाकलं. माणूस बोलत नाही म्हणजे त्याच्याकडं बोलायला काही नाही, असं समजणारी मी मराठीची शिक्षिका.

पुढं एका वर्षी वाचनालयाची पुस्तकं पोत्यांत भरून जिन्याखाली टाकली होती आणि तिथं त्यांना वाळवी लागली. माझं डोकं फिरलं. प्लास्टरच्या भुतांना अख्खी खोली आणि पुस्तकांना जिन्याखालची जागा! मी संस्थेला अर्ज केला, चांगला दोन पानी, जळजळीत. आठ नंबरची खोली रिकामी करून वाचनालयाला द्यावी. अर्ज वाचून मंडळी जागी झाली. खोली रिकामी करायचा ठराव झाला. फक्त ती वाचनालयाला न देता नव्या कॉम्प्युटरांना द्यायची ठरली. पुढच्या सोमवारपर्यंत मुदत.

नोटीस लागली त्या दिवशी सर मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडला नाही. "मॅडम, बाकी सगळं टाकून द्या. मी स्वतः उचलून टाकतो. ममी तेवढी राहू द्या." मी म्हटलं, "सर, एवढं काय आहे त्या ममीत?" तेव्हा त्यांनी सांगितलं. टेबल, नळ्या, व्हॅसलीन, सगळं. "फोटो आहेत घरात. पण फोटोला खांदे नसतात हो. त्याचे खांदे तिथं आहेत. मी रोज कुलूप लावायच्या आधी एकदा हात ठेवून येतो." आणि मग अगदी हळू, "तू मेलायस म्हणालो मी त्याला. ह्या तोंडानं."

मी त्याच पावली हेडमास्तरांकडे गेले आणि अर्ज मागं घेतला. ते म्हणाले, "मॅडम, आता अर्जाचं काय घेऊन बसलात? ठराव झालाय. कॉम्प्युटर नगरहून निघालेत." मी रडले, भांडले. त्यांनी मला पाणी दिलं, त्यापलीकडं त्यांच्या हातात काही नव्हतं.

सरांनी एकच मागितलं. संस्थेच्या मंडळींनी एकदा खोली बघावी, वीस मिनिटं. शनिवारी अध्यक्ष आणि तिघे सदस्य आले. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणतात. बागायतदार माणूस, मनानं वाईट नाही. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. चौघांनी चपला काढल्या आणि एवढाले बाप्ये नाईलवरून उडी मारून पलीकडं गेले. सर सुरेख बोलत होते. लव्हाळ्याचा कागद त्यांनी अण्णांच्या हातात दिला. पण उलटे चालता चालता ते ममीपाशी आले आणि त्यांची पाठ तिच्यावर आपटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते वळले, तिला दोन्ही हातांनी सावरलं आणि पुढचं बोलणंच त्यांना सुचेना. आम्ही थांबलो. मला वाटत होतं, आता सांगतील, आता सांगतील. मीच सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून मला गप्प केलं.

अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, लई कष्ट केलेत तुमी. पर पोरास्नी आता कॉम्प्युटर पायजे. ह्ये तुमी घरी न्या की. कुनाची ना न्हाई." झालं. एवढ्या मायेनं बोलल्यावर भांडायलाही जागा राहिली नाही.

पण घरीच तर नेता येत नव्हतं. बायकोनं सरांना बजावलं होतं, ते उंबऱ्याच्या आत आलं तर मी बाहेर. मग रविवारी हा माणूस सायकलवरून वणवण फिरला. श्रीरामपूरच्या एका मित्राच्या गोदामात विचारलं, तिथं सरकीची पोती. शहरातल्या एका संग्रहालयाला फोन केला, ते म्हणाले, आम्ही नकला ठेवून घेत नाही. दुपारी माझ्या दारात आले. घामानं निथळत होते. "मॅडम, तुमच्या वरच्या खोलीत? थोडे दिवस. कुणाला दिसणार नाही असं झाकून ठेवू." आणि मी नाही म्हणाले. सासूबाईंना काय सांगू, असं म्हणाले. ज्या बाईच्या अर्जानं हे सगळं घडलं, तिनं सासूबाईंचं नाव पुढं केलं. सर म्हणाले, "बरोबर आहे, बरोबर आहे," आणि सायकल वळवली. ते "बरोबर आहे" मला अजून सोसत नाही.

ते गेल्यावर मला घरात बसवेना. मी स्कूटी काढून सरांच्या घरी गेले. वहिनी ओट्यावर ज्वारी निवडत होत्या. मी हात जोडले. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही.

"मॅडम, दहाव्याला कावळा शिवंना. दोन तास घाटावर बसलो. समदे म्हनले, कायतरी इच्छा राहिली पोराची. मंग मीच म्होरं झाले. म्हनलं, जा माझ्या राजा, तुला कुनी धरून न्हाई ठेवलं. तवा शिवला. आन् आता त्याला परत घरात आनून उभा करू? आईनं शबुद दिलाय त्याला."

"वहिनी, सरांचा जीव आहे त्यात."

"माझा न्हवता व्हय?" त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघत म्हणाल्या. "त्यानला इचारा, काय म्हनले हुते त्या दिशी. मी दारात हुते. बापानं म्हनलं, तू मेलायस. मी ऐकलंय ते."

ज्वारी निवडायचं काम त्यांनी पुन्हा सुरू केलं आणि मी घरी आले.

सोमवारी सकाळी दोन शिपाई आणि दोन मजूर खोली उपसायला लागले. खांब मोडले, गाडगी बाहेर ओळीनं ठेवली. ममीला सरांनी मजुरांना हात लावू दिला नाही. पायाकडून स्वतः धरलं आणि डोक्याकडून शिपायाला धरायला लावलं. कुठं नेणार होते, त्यांनाही माहीत नसावं. तेवढ्यात दारात वहिनी दिसल्या. कधी आल्या कोण जाणे. त्या आत आल्या, पण ममीकडं न बघता भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

सर पाठमोरे होऊन पाय दारातून बाहेर काढत होते आणि शिपायाचा पाय घसरला. चहात बुडवलेल्या त्या जुन्या पट्ट्या फाटल्या, जोड सुटला आणि पुढच्या अर्ध्या अंगाचं तोंड गळ्याशी तुटून, आतली बाजू वर होऊन आमच्या पायांशी पडलं. आतून ते पांढरं स्वच्छ होतं. त्या पांढऱ्यात चेहरा होता. कपाळ, मिटलेले डोळे, नाक. भुवयांचे काही केस प्लास्टरला चिकटून तसेच राहिले होते, काळेभोर. वहिनी खाली बसल्या. त्यांनी एक बोट ओठांच्या कोपऱ्याशी नेलं, आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "हसू दाबतोय. बघा. हसू दाबतोय माझा बाळ."

"काय झालं? काय आहे?" दाराबाहेरून सर विचारत होते. हातातलं ओझं टाकून ते आत येईपर्यंत वहिनींनी तो मुखवटा पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. सरांनी हात पुढं केला.

"तुमी हात लावायचा न्हाई," वहिनी म्हणाल्या आणि तशाच चालत घरी गेल्या.

बाकीचं प्लास्टर उचलताना मोडत गेलं. खांदेही. सरांनी ते पाटीत भरून शाळेमागच्या खड्ड्यात टाकलं, कुणाला मदत करू दिली नाही. खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. माझी पुस्तकं जिन्याखालीच आहेत. पुढच्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही.

मी अधूनमधून त्यांच्याकडं जाते. वहिनी चहा करतात, नीट बोलतात, सरांना वेळेवर जेवायला वाढतात. मुखवटा त्यांच्या लोखंडी पेटीत आहे आणि पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला. सर पेटीच्या खोलीत झोपतात. "घरात आहे, एवढं पुष्कळ झालं," असं मला म्हणाले. आणखी काही विचारायची माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात गेले तेव्हा वहिनी गिरणीत गेल्या होत्या. सर खाटेवर बसून होते, फार वाळलेत. ते एकदम म्हणाले,

"मॅडम, तुम्ही आतून बघितलात त्याला."

"हो, सर."

"मी नाही बघितला. ज्या दिवशी केला त्या दिवशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन होतं, घाईघाईत दोन्ही अर्धी जोडून टाकली. आत बघायचं काय, पोरगं तर पुढ्यात उभं होतं, अंग चोळत." त्यांनी रस्त्याकडं नजर टाकली. गिरणीच्या बाजूनं कुणी येत नव्हतं. मग सरकून त्यांनी खाटेवर मला जागा केली आणि डोळे मिटले. "ही यायला अजून वेळ आहे. सांगा. सगळं सांगा, काही गाळू नका."

मी कपाळापासून सुरुवात केली.