शेखसाहेबांच्या गाडीतला डायनामो

डॅशबोर्डमागे हात घातला आणि वायरचं कव्हर चुरून बोटांना लागलं. आत तांबं उघडं. एका ठिकाणी काळं पडलेलं.

“शेखसाहेब, गाडी आज नेऊ नका. पेटेल.”

शेखसाहेब रिटायर्ड लायब्ररियन. वडिलांची जुनी विलायती गाडी त्यांनी जिवापाड जपली होती. बायकोला, फरीदाभाभींना, ते त्याच गाडीतून डायलिसिसला न्यायचे. पण स्वारगेटच्या सिग्नलला दिवे आणि वायपर एकदम लावले की बॅटरी उतरायची, म्हणून माझ्या गॅरेजवर आले होते.

कारण साधं होतं. जुन्या गाड्यांत बॅटरी चार्ज करायला डायनामो असतो. इंजिन हळू चालत असलं की तो जवळजवळ काहीच देत नाही. नव्या गाड्यांतला अल्टरनेटर मात्र गाडी सिग्नलला उभी असतानाही चार्जिंग करतो.

“वायरिंग सगळं नवं करू. आणि अल्टरनेटर बसवू.”

“वायरिंग करा. डायनामोला हात लावायचा नाही. अब्बांनी स्वतः तांब्याची तार गुंडाळून वाइंडिंग केलंय त्याचं.”

“उत्तमच केलंय. पण अहो, तेव्हा सिग्नलला इतकं थांबावं लागत नव्हतं.”

स्टुलावर बसलेल्या भाभी मध्येच बोलल्या. “मागच्या आठवड्यात पुलावर बंद पडली. डायलिसिस करून आलेले, माझ्या पायात जीव नाही. आणि हे सत्तरीत गाडी ढकलतायत. अब्बा असते तर त्यांनीच बदलला असता.”

शेखसाहेबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. “बसवा,” म्हणाले.

चार दिवस काम चाललं. शेवटच्या दिवशी मी माती खाल्ली. या गाडीत बॅटरीची प्लस वायर बॉडीला होती. अल्टरनेटरसाठी बॉडीला मायनस लागते. मला हे माहीत होतं. तरी घाईत बॅटरी जुन्याच पद्धतीने जोडली. टक्क आवाज झाला, धूर आला. अल्टरनेटर गेला.

मी लगेच शेखसाहेबांना फोन केला. “चूक माझी आहे. दुसरा बसवून देतो, पण दोन दिवस लागतील.”

“उद्या डायलिसिस आहे हो.”

“मी येतो न्यायला.”

गेलो. चार तास शेखसाहेब आणि मी हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या बाकावर बसलो. ते अब्बांबद्दल बोलत होते. चुकीबद्दल एक शब्द काढला नाही. तेच जास्त लागलं.

तिसऱ्या दिवशी दुसरा अल्टरनेटर बसवला आणि गाडी चालू करून दिवे, वायपर, सगळं लावलं. चार्जिंगच्या मीटरचा काटा जराही खाली गेला नाही. डायनामो शेखसाहेबांनी टॉवेलात गुंडाळून घरी नेला.

आता कुठल्याही जुन्या गाडीत हात घालण्याआधी बॉडीला प्लस आहे की मायनस, ते मी मोठ्यांदा म्हणून बघतो. गिऱ्हाइकं हसतात. हसोत.