चाळीस विहिरी आणि नोहाचा पूर

कडूबाई तेव्हा आठेक वर्षांची असंल. देवगाव रंगारीला चर्चच्या ओट्यावर उपदेशक आप्पासाहेब आणि तिचा बा कारभारी भांडत होते, नि ती दारामागं उभी राहून ऐकत होती.

"बायबलात लिवलंय, नोहाच्या पुरात सगळी पृथ्वी बुडाली, डोंगरासकट!" आप्पासाहेब गरजले.

कारभारी विहिरी खणायचा. "चाळीस खणल्या, साहेब. वर काळी माती, मग मुरूम, मग पाषाण. पुराचा गाळ एकीतबी नाय घावला. पूर आला, व्हय, पण नोहाच्या मुलखात. इथवर नाय."

"शास्त्राला खोटं पाडतोस? मेल्यावर चर्चमध्ये तुझं नाव कुणी घेणार नाय!"

नोव्हेंबरात मेलेल्यांच्या स्मरणाची प्रार्थना असते, घरच्यांनी दिलेली नावं वाचतात. बा गेला, पण तो शब्द पोरीच्या काळजात रुतून बसला. लग्न होऊन ती शहरातल्या छावणी भागात आली, चर्चची झाडलोट धरली. यादीत नवऱ्याचं नाव दिलं, सासूचं दिलं, अगदी खाष्ट जावेचंही दिलं. बापाचं काही दिलं नाही. देवानंच खोडलं असंल तर आपण कशाला उकरायचं, म्हणून.

यंदा नव्या पाळक आल्या, त्याही बाई. सुलेखाताई. कडूबाईनं बाकं पुसता पुसता त्यांना सगळं सांगून टाकलं.

"आजी," सुलेखाताई म्हणाल्या, "पूर त्या मुलखापुरताच होता असं मानणारे भाविक पुष्कळ आहेत. नोहाला दिसत होतं तेवढं त्याचं जग, ते बुडालं. सगळ्या पृथ्वीवर आला म्हणणारेही आहेत. मी काही तिथं नव्हते."

"मंग माझा बा?"

"खणताना जे दिसलं ते बोलले. त्यात पाप कसलं? बरं, तुमचे आप्पासाहेब पाणी कुठलं प्यायचे?"

"बाच्याच विहिरीचं की!" कडूबाई मटकन बाकावर बसली नि पदर डोळ्यांना लावून हसत सुटली.

स्मरणाच्या दिवशी नाव वाचलं गेलं: कारभारी, विहिरी खणणारे, देवगाव रंगारी. घरी येऊन कडूबाई एक भाकर जास्तच जेवली.

तीन आठवड्यांनी ती झोपेतच गेली. आदल्या शनिवारी मात्र नेहमीसारखी चर्चमध्ये आली होती. बाकं पुसली, आवारातल्या विहिरीच्या पाण्यानं तांब्या भरून उद्या उपदेश करताना प्यायला वेदीजवळ ठेवला, वर बशी झाकली, किल्ली सुलेखाताईंच्या खिडकीत टांगली नि चालू लागली.