डावा हात खिशात

पडेगावच्या माझ्या बंद शेडमध्ये रोपांसाठी मोठे दिवे आहेत. त्यांची टायमरची पेटी बसवायला एक वायरमन शहागंजातून यायचा. एका जागी बसणं त्याला जमत नसे. एक स्क्रू पिळला की दारापर्यंत चक्कर, मग पुढचा स्क्रू. पण पेटीत करंट सोडला की त्याचा डावा हात पँटच्या खिशात जायचा आणि सगळी तपासणी एकट्या उजव्या हातानं व्हायची. मग चहाही तसाच. मला ती ऐट वाटे.

शेवटच्या दिवशी टायमरची वेळ भरली, आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे दिव्यांना करंट जोडणारा मोठा स्विच, खट्टदिशी ओढला गेला आणि सगळे दिवे पेटले. मी खुशीत पेटीच्या पत्र्यावर डावा हात टेकला आणि उजव्याचं बोट आत नेत विचारलं, “हाच वाजला का?”

त्यानं मला मागं खेचलं, माझा डावा हात धरून माझ्याच खिशात कोंबला.

“दोनी हात लावले तर करंट काळजातून जातो, भाऊ,” एवढं बोलून तो दारापर्यंत चक्कर मारून आला.

आता रोज संध्याकाळी ते खट्ट ऐकू येतं. बिनखिशाचा लेंगा घातला असेल त्या दिवशी या डाव्या हाताचं काय करावं, मला सुचत नाही.