हिरव्या चिंधीची मूठ

"हिच्या हातात धारेचं काय देऊ नगा. हिच्या पोरानं काय केलं, ठावं हाय नव्हं?"

तात्या हे सगळ्या बायांसमोर बोलले. लासुर्ण्यातल्या त्यांच्या डाळिंबाच्या बागेत सोळा वर्षं मी छाटणी केली. मी कात्री खाली ठेवली. त्यांनी ती पायानं बाजूला सारली.

माझ्या मुलानं खून केलाय. भांडण झालं, आणि शेजारच्या अंथुर्णे गावचं एक पोर कोयत्यानं मारलं गेलं. माझा संदीप तुरुंगात आहे. सोबत तात्यांचा धाकटा मुलगा होता असं लोक कुजबुजतात. पोलिसांच्या कागदात त्याचं नाव नाही.

तेव्हापासून मला कुणाचाच भरवसा वाटत नाही. शेजारीण कालवण घेऊन आली तरी वाटतं, ही काय काढून घ्यायला आली? स्वतःचा तर नाहीच नाही. त्या दुपारी संदीपनं शर्ट काढून टाकला, तेव्हा डाग मी पाहिले होते. विचारलं नाही. शर्ट गार पाण्यात भिजत घातला. रक्त गार पाण्यानं निघतं, हे मला माहीत होतं. म्हणजे ते रक्त आहे हेही माहीत होतं.

आठवड्यानं तात्या स्वतः दारात आले. कात्रीला लाथ मारणारा माणूस माझ्या ओट्यावर बसला, वर चहा मागितला. तिथंच मनात पाल चुकचुकली.

"वकील मी देतो. बागंत बी परत ये," म्हणाले. "फकस्त कोर्टात म्हणायचं, कोयता आमच्या घरातला हाय."

तो कोयता मी ठाण्यात पाहिला होता. मुठीला हिरवी चिंधी. तात्यांच्या शेडमध्ये उसाचं बेणं तोडायचे कोयते असतात. हाताला फोड येऊ नयेत म्हणून दरवर्षी त्यांच्या मुठींना चिंध्या मीच गुंडाळते. यंदा माझं जुनं हिरवं पातळ फाडलं होतं. शेडला कुलूप असतं आणि किल्ली त्यांच्या धाकट्याकडं. ठाण्यात मी चिंधी ओळखली, आणि भिऊन गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

"तात्या, चिंधी माझी हाय. कोयता तुमचा हाय."

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरगं जलमभर आत सडंल. इचार कर."

"सडंल. त्यानं मारलंय."

तात्या उठून गेले. मग मी दार लावून रडले. माझं एकुलतं एक पोर आहे ते. अजूनही भाकरी थापताना हात दोघांचं पीठ घेतो.

बारामतीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. कोयता कुणाच्या शेडमधला आणि किल्ली कुणाकडं, ते सांगणार. शर्टावर रक्त होतं आणि तो मी धुतला, तेही सांगणार. त्यासाठी मलाही आत घालायचं तर घाला. अंथुर्ण्याच्या त्या पोराची आई समोर बसलेली असेल. मी तात्यांकडं बघणार नाही, संदीपकडंही नाही. तिच्याकडं बघून सांगणार.