भिंगरीने ओतलेलं अंगण

भिंगरीला एका जागी बसवणं महाकर्मकठीण. जेवताना पाय हलतोय, न्हाव्याच्या खुर्चीत मान वळतेय. बायको म्हणायची, "अहो, जरा टेका की." पण टेकणार कसा? उभा जन्म काँक्रीट मिक्सरची जुनी गाडी चालवण्यात गेलेला. गाडीवरचा फिरता ड्रम थांबला की आतला काँक्रीटचा माल आवळून दगड होतो आणि ड्रम भंगारात जातो. शहरातले कितीतरी जिने नि पूल त्याच ड्रममधून उतरले होते. नवे मिक्सर आले तेव्हा बाकीचे जुने विकले गेले. हा एक उरला, तोही भिंगरीच्या हट्टापायी. शेठनी बजावलं होतं, "ड्रम गेला की गाडी गेली."

त्या दुपारी भरलेला मिक्सर चौकात अडकला. पुढे पाइप फुटलेला, मागे बस. तेवढ्यात ड्रम फिरवणारं वेगळं इंजिन आचके देऊ लागलं. भिंगरी खाली उतरला, वर चढला, ड्रमला कान लावला. माल काढायला ड्रम उलटा फिरवावा लागतो, म्हणजे इंजिनात धुगधुगी आहे तोवरच माल निघणार. शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, "थांब, बघतो."

थांब म्हणे! डावीकडे त्याचीच गल्ली होती. त्याने गाडी आत घातली आणि सगळा माल स्वतःच्या दारात ओतला.

"अहो, हे काय?" बायको उंबऱ्यावर आली.

"अंगण. कधीपासून मागतेस ना?"

"बाहेर कशी पडू मी आता?"

शेवटचा माल पडला आणि इंजिन गपगार झालं. भिंगरी पाण्याचा पाइप घेऊन ड्रममध्ये शिरला आणि त्याने तो आतून धुऊन काढला. मग मागच्या दाराने घरात गेला.

तासाभरात शेठ दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन आले. दारातला माल बघून म्हणाले, "ड्रम वाचवलास, इंजिन नवं बसवू. पण माझा माल तुझ्या दारात, याला चोरीच म्हणतात. किल्ली दे."

यात खोटं काय होतं? भिंगरीने किल्ली फेकली. दुसऱ्याने गाडी मागे घेतली. ड्रम नुसता गप्प.

ड्रम रिकामा आहे, फिरला नाही तरी काही बिघडत नाही, हे भिंगरीइतकं कुणाला ठाऊक? तरी त्याला ते बघवेना. बायकोने नुकत्याच फळीने सारख्या केलेल्या ओल्या अंगणातून तो घोट्यापर्यंत रुतत धावला आणि हमरस्ता येईपर्यंत ड्रमवर हात ठेवून, रडत, गाडीबरोबर चालत राहिला.