परक्या फायलींची कुरकुर

दुसऱ्याने केलेली चूक स्वतःच्या अंगाला लावून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या खात्यात आला. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. कारखान्यांतल्या गरम तेलाच्या पाइपांवर बसवायच्या पेट्या आम्ही बनवतो. पेटीने तापमान दाखवायचं आणि मर्यादा ओलांडली की भोंगा वाजवायचा. क्वालिटी माझ्याकडे होती, म्हणजे माझ्या सहीशिवाय पेटी गेटाबाहेर जात नसे. पेटीच्या पोटातला प्रोग्राम हा माणूस लिहायचा. जवळच्याच किनाऱ्यावरल्या नवापूरच्या मच्छीमार घरातला, चाळिशी ओलांडलेला, आणि दुरून पाहिलं तर अगदी निरुपद्रवी. तसा तो नव्हता. शिफ्टच्या बसचं मागचं दार खडखडलं की तो कागदावर ‘मागच्या दाराचा वरचा स्क्रू ढिला’ असं लिहून, खाली तारीख घालून, ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, “साहेब, तुमी इंजिनेर हाव का आरटीओ?” यावर याने शांतपणे विचारलं, “पन स्क्रू बसवला का?” कँटीनमध्ये स्वतःच्या डाळीतला खडा काढून झाला की शेजाऱ्याच्या ताटात डोकवायचा. औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला बारीक अक्षरांचा कागद शेवटपर्यंत वाचणारा माणूस जगात असतो, हे मला याच्यामुळे कळलं. आजाऱ्याआधी तोच घाबरायचा.

त्याचं खरं दैवत मात्र वॉर्निंग. आम्ही प्रोग्राम सी भाषेत लिहितो आणि यंत्राला समजेल असं त्याचं रूपांतर कंपायलर करतो. हा कंपायलर म्हणजे जुन्या कचेरीतला कारकून. ठार चूक असली तर अडून बसतो. नुसती शंका असली तर कुरकुरतो आणि काम करून देतो. ती कुरकुर म्हणजे वॉर्निंग. आता चिप विकणारी कंपनी चिपबरोबर स्वतःच्या तयार फायली देते, त्यांना हेडर म्हणतात. त्या फायली लिहिणाऱ्यांनी बहुधा घाईत लिहिल्या असाव्यात, कारण आमचा चार ओळींचा प्रोग्राम चढवला तरी त्यांच्या नावाने तीन-चारशे वॉर्निंग पडद्यावरून वाहत जायच्या. शहाणी माणसं तेवढ्यात चहा पिऊन येतात. हा वाचत बसायचा. एका जाड वहीत प्रत्येक वॉर्निंग हाताने उतरवायचा आणि समोर लिहायचा: ‘पाहिली. धोका नाही, कारण अमुक.’ चिप कंपनीला मेल पाठवायचा. तिकडून ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ असं छापील उत्तर आलं. त्याला ते खरंच वाटलं, आणि त्याने आणखी सतरा पाठवले.

“अहो, फाईल त्यांची, चूक त्यांची. तुम्ही का झिजताय?” असं मी त्याला त्याच्याच घरी, त्याच्या आईसमोर म्हणाले होते. कसल्याशा पूजेला गेले होते. म्हातारी अंगणात जवळा निवडत बसली होती. दुसऱ्याच्या बोटीवरून घेतलेला माल, त्यात चिंबोरीच्या नांग्या, शेवाळ, काय काय. मान वर न करता ती म्हणाली, “बाय, गिऱ्हाईक शिव्या कोनाला देनार? त्या बोटीला का मला?” घराणंच तसलं, असं मनात म्हणून मी प्रसाद घेतला आणि निघाले.

मग जास्त तापमानाची नवी पेटी आली. जुनी दोनशे अंशांपर्यंत चालायची, ही तीनशेपर्यंत चालायला हवी होती. माल सोमवारी जायचा होता. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “ताई, ह्या वहीवाल्याला आवरा. दुसऱ्याच्या फायलींची रड आपण का ऐकायची?” उपाय सगळ्या जगाला माहीत आहे. त्या फायलींचा फोल्डर ‘बाहेरचा’ म्हणून नोंदवायचा, की कंपायलर त्यांच्याबद्दल तोंड उघडत नाही. मी तसा हुकूम दिला. पडदा लख्ख झाला. मला घर झाडल्यासारखं वाटलं.

हा आला आणि टेबलासमोर उभा राहिला. “मॅडम, त्यांचं तोंड बंद करताना आपलंबी थोडं बंद होतं.”

“म्हणजे?”

“त्यांच्या फाईलमधला तयार तुकडा आपण आपल्या ओळीत वापरला, तर तिथली शंकाबी कंपायलर बाहेरचीच समजतो. गिळून टाकतो. गप्प ठेवा, माझं काय नाय. पन नव्या मॉडेलला एकदा त्याचं तोंड उघडून मला सगळं वाचू द्या. दोन दिवस.”

“दोन दिवस नाहीत.”

“मग मी टेस्टच्या कागदावर सही करनार नाय.”

“नका करू. मी करते.”

आणि मी केली. पुढे मालकांनी त्याला तक्रारींच्या कामाला लावलं, म्हणजे हातात स्क्रूड्रायव्हर देऊन कारखान्याकारखान्यांत पिटाळलं. दोन महिन्यांत त्याने राजीनामा दिला. निरोपाला समोसे मागवले होते. त्यांच्या खोक्यावरची तारीखही त्याने वाचली.

सहा महिन्यांनी वसाहतीतल्याच एका कारखान्यात आमच्या नव्या पेटीवर चोवीस अंश दिसत होते. ऑपरेटरला वाटलं, लाइन थंड झाली. त्याने तेल काढायची झडप उघडली. तेल दोनशे ऐंशीला होतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. भोंगा वाजला नाही. पेटी आमच्याकडे परत आली, आमच्या चाचणीच्या भांड्यावर लावली आणि उत्तम चालली. आमचं भांडं दोनशेच्या वर तापतच नाही, हे कुणी बोललं नाही, मीही नाही. ‘पेटी निर्दोष, ऑपरेटरने खात्री न करता झडप उघडली’ असा अहवाल मी टाइप केला. तेवढ्यावर, ज्याच्यामार्फत तो ऑपरेटर लागला होता त्या ठेकेदाराने त्याला कामावरून काढलं.

ही बातमी याला नवापुरात कुठून लागली कोण जाणे. बहुधा त्या बसच्या ड्रायव्हरकडूनच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यासमोर येऊन बसला. “एकदा तोंड उघडून बघू द्या.” मी कॉम्प्युटर त्याच्याकडे वळवला. तीनशेच्या वर ओळी धो धो वाहिल्या. त्याने पाच-सहा मिनिटं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ आमची होती. तुकडा त्यांचा. त्या तुकड्यात आकडा ठेवायची जागा दोनशे पंचावन्नपर्यंतच पुरते, पुढे मोजणी परत शून्यापासून. दोनशे ऐंशीचे चोवीस. हेच कंपायलरला सांगायचं होतं, आणि मी त्याला गप्प बसवलं होतं. “बाकीच्या पेट्या आजच बंद करायला सांगा,” तो म्हणाला. फोन मी त्याच्यासमोरच केले. मग तो उठला. “चला, सरावलीला.”

सरावलीत पत्र्याच्या एका खोलीत तो ऑपरेटर बसला होता. हात पांढऱ्या पट्ट्यांत. मला पाहून उभा राहायला लागला. “मैडम, मीटर में चौबीस था. पर हाथ पास ले जाके देखना चाहिए था. गलती हमारी है.”

मी याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या वायरीचा उघडा जोड निरखत होता. मला मदत करायचा त्याचा अजिबात विचार नव्हता.

“गलती आपकी नहीं,” मी म्हणाले. “मीटर झूठ बोल रहा था. पास मैंने किया था.” एवढी तीन वाक्यं बोलायला मला जो वेळ लागला, तेवढ्यात तीनशे वॉर्निंग वाचून झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी नवा अहवाल लिहिला: पेटी सदोष, चाचणी अपुरी, मंजुरी माझी. ठेकेदाराला प्रत पाठवली. मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलले आणि मला स्टोअरमध्ये बसवलं. आता मी स्क्रू मोजते. ऑपरेटरला त्याच कारखान्यात डाव्या हाताने होईल असं गेटावरचं काम मिळालं. हात पूर्ण बरा व्हायचा नाही, असं डॉक्टर म्हणतात.

याला मी परत यायला सांगितलं होतं. मालकांकडे शब्द टाकायची माझी ऐपत उरली नव्हती, तरी सांगितलं. तो म्हणाला, “नाय मॅडम. बोटींवरची यंत्रं दुरुस्त करतो, बरं हाय.” अधूनमधून बोईसरच्या बाजारात भेटतो. चहा घेतो आणि त्या हाताची चौकशी करतो. मागच्या वेळी मीच अधीर होऊन विचारलं, “माझा राग येत नाही तुम्हाला?”

तो जरा विचारात पडला. असा प्रश्न त्याने कधी तपासला नसावा. मग म्हणाला, “तुमी दुसरा कागद पाठवला ना. तो मी वाचला. बरोबर होता.”

टोमणा नव्हता. टोमणा त्याला येतच नाही. आला असता, तर मला जरा सोपं गेलं असतं.