टीव्ही बंद करून मिळेल

कासार आंबोलीच्या फाट्यावर माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मी बोलायला लागलो की समोरचा माणूस टीव्ही द्यायला आलाय की न्यायला, हेच विसरतो, अशी माझी ख्याती आहे. ती खरी आहे. मीच पसरवली आहे.

एके दिवशी दुकानासमोर पांढरी गाडी थांबली आणि बावधनच्या एका ऑफिसातल्या बाई उतरल्या. त्यांची कंपनी जगभर पसरलेली. फोन तिचे, संगणक तिचे, माणूस रस्ता चुकला तर त्याला रस्ता दाखवणारीही तीच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण तिच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त सोल्डरिंगची बंदूक. ही कंपनी सगळं बनवायची, फक्त टीव्ही बनवत नव्हती.

"काका," बाई म्हणाल्या, "आमच्या कंपनीनं टीव्हीच्या मार्केटमध्ये यावं की नाही, ते ठरवायचंय."

"मग मला का सांगताय?"

"सांगत नाहीये, विचारतेय. तुम्ही लोकांच्या घरात जाता ना!"

मी हातातला पेचकस खाली ठेवला. तीस वर्षांत मला लोकांनी "किती वेळ लागेल?" आणि "पुन्हा बिघडणार नाही ना?" एवढंच विचारलं होतं. आता साक्षात जगातली बडी कंपनी स्टुलावर बसून माझं मत मागत होती! मी दोन चहा सांगितले आणि दोन्ही मीच प्यायलो, कारण बोलण्याच्या भरात त्यांचा कप कधी उचलला ते कळलं नाही.

खरं सांगायचं तर दुकान धापा टाकत होतं. पूर्वीच्या टीव्हीला पोट होतं. ते उघडायचं, आतली धूळ झाडायची, एखादी पाल हाकलायची, सोल्डरिंगचा डाग द्यायचा, टीव्ही पुन्हा दहा वर्षं बोलायचा. आताचे टीव्ही पापडासारखे. पॅनेल गेलं की सगळं गेलं. मी डॉक्टरसारखा चेहरा करून "घरी न्या आता" एवढंच सांगायचो. बाईंनी शब्द दिला की चाचणी नीट पार पडली तर मुळशी भागाची एजन्सी माझी, आणि दुकानावर कंपनीची पाटी. त्याच आठवड्यात मी पाटीसाठी लोखंडी चौकट करून दुकानावर टांगली. रिकामी. आतून आभाळ दिसायचं.

चाचणी म्हणजे काय, तर जवळच्या रिहे गावात, आमच्या वाडीतल्या सात घरांत कंपनीचे टीव्ही लावायचे आणि लोक काय बघतात, किती बघतात, ते कंपनीनं तिकडून पाहायचं. अट एकच होती. प्लग नाही, बटण नाही, वायर थेट भिंतीत. "लोक प्लग काढतात हो," बाई म्हणाल्या.

काढतातच. वीज कडाडली की आम्ही प्लग काढतो. खाचरात निघालो की काढतो. पाहुणा आला की काढतो, म्हणजे त्याला कळतं की त्याला मान आहे. पण चौकटीतून आभाळ बघून माझी मान दुखायला लागली होती. सातही घरांत मी माझ्या हातांनी वायर थेट भिंतीत घातली. ही माझी चूक, आणि ती मी बिनदिक्कत कबूल करतो, कारण बाकी गोष्टींत मी फारसा चुकत नाही.

टीव्ही मात्र झकास होता. मराठी बोलायचा. खोलीत कुणी आलं की जागा व्हायचा, माणसं ओळखायचा, निदान त्याला तसं वाटायचं. पहिला मान माझ्या थोरल्या चुलत्यांना, आबांना. त्यांना कुस्तीचं वेड. ते सकाळी खोलीत आले की टीव्ही म्हणायचा, "नमस्कार आबा!" आबा गंभीरपणे उत्तर द्यायचे, "नमस्कार. बसा." टीव्हीला 'बसा' म्हणणारा सगळ्या मुळशीत तो एकच माणूस.

भात पोटरीत आलं होतं तेव्हा आबा गेले. आजार नाही, काही नाही. न्याहारीची भाकरी खाल्ली, पाटावरून उठले आणि ओसरीत आडवे झाले.

आमच्याकडे भावकीत कुणी गेलं की सुतक फिटेपर्यंत टीव्ही लावत नाहीत. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. कडेच्या घरातले गुरुजी बौद्ध, त्यांनीही टीव्हीवर चादर टाकली. मी म्हटलं, "गुरुजी, तुमच्यात तर हे न्हाई." ते म्हणाले, "सुतक न्हाई पाळत आमी. शेजार पाळतो."

तिसऱ्या दिवशी सावडून आलो. दुपारी आबांच्या घरात माणसं बसायला आली होती. खोली गच्च भरलेली, पंखा गरगरतोय, काकी भिंतीला टेकून बसलेली, डोक्यावरचा पदर पुढं ओढलेला. दारातून आणखी चौघं आत आले, आणि तेवढ्यात टीव्ही जागा झाला.

"नमस्कार आबा! तुमच्या आवडीची कुस्ती सुरू होत आहे."

पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना भिडलेले.

"बंद कर ते," काकी म्हणाली. वर न बघता.

मी रिमोट दाबला. टीव्ही गेला. मागच्या कुणीतरी मांडी बदलली, टीव्हीला वाटलं नवीन माणूस आलं, आणि तो पुन्हा हसतमुखानं उजाडला. "नमस्कार आबा!" मी पुन्हा दाबला. सवयीनं प्लगकडे हात गेला. तिथं गुळगुळीत भिंत होती. माझ्याच हातचं प्लास्टर, काय सफाईदार काम!

"तीस वरसं टीव्ही दुरुस्त करतुया म्हनं," पौडहून आलेला एक पाहुणा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण वाडीला ऐकू जाईल असं, "अन् ह्याला टीव्ही बंद करता येईना."

मी उठलो, पडवीत गेलो आणि घराचा मेन स्विच खाली पाडला. टीव्ही गेला, पंखाही गेला. भाद्रपदातल्या उकाड्यात पन्नास माणसं घामाघूम होऊन बसली, पण कुणी उठलं नाही. फक्त तोच पाहुणा हळूच म्हणाला, "मेन पाडलास व्हय? ब्येस केलंस. पर माजा मोबाइल चार्जिंगला हुता."

बाकीच्या सहा घरांतही हीच तऱ्हा. टीव्ही चादरीखालून बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानातून जुने खटके काढले. काळे, गोल, जाडजूड, पूर्वी घराघरांत असायचे तसले. दाबला की खट्ट असा आवाज येतो आणि शेजारच्यालाही कळतं की काहीतरी कायमचं ठरलं. सातही घरांतली भिंत फोडली, वायर तोडली, मध्ये खटका बसवला. खट्ट. खट्ट. सात वेळा.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. "काका, सातही सेट ऑफलाइन दिसताहेत. तिकडे लाइट नाहीये का?"

"लाइट आहे. माणूस गेलंय."

त्यांना मनापासून वाईट वाटलं, हे मला आवाजावरून कळलं. मग त्या म्हणाल्या, "पण एकाच घरात ना? बाकीच्या सहांचं काय?"

मी समजावलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, शुक्रवारी मीटिंग आहे. टीव्हीत उतरायचं की नाही, ते त्यातच ठरणार. डेटात एवढा मोठा खड्डा चालणार नाही. साहेब म्हणतात, कुणी बघू नका हवं तर, आवाज बंद ठेवा, पण सेट नुसते चालू करा. तेवढं केलंत तर एजन्सी नक्की."

मी आबांच्या घरी गेलो. खटक्यासमोर उभा राहिलो. बोट त्याच्यावर ठेवलं. हे मी लपवत नाही, बोट ठेवलं होतं.

काकी दारात होती. तिला सगळं ठाऊक होतं, वाडीत फोन एकाला येतो आणि ऐकतात सगळे.

"लाव की," ती म्हणाली. "पाटी लागंल तुजी. माजं काय, मी पडवीत बसन."

आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याच्या सुतकात, टीव्हीला खोली मोकळी करून देऊन ही बाई पडवीत बसणार! मी बोट असं काढलं, जसं काही चटका बसला.

"काकी, तू हितंच बस," मी म्हटलं. "पडवीत त्यो बसंल."

शुक्रवारी बावधनला गेलो. धुतलेला सदरा, पिशवीत एक खटका. काचेची खोली, लांब टेबल, बाई आणि आणखी तिघं. मोठे साहेब कुठल्या तरी दूर देशात होते, त्यामुळे ते भिंतीवरच्या भल्यामोठ्या पडद्यावर होते. म्हणजे टीव्हीच्या बाजारात उतरायचं की नाही हे ठरवणारा माणूस स्वतः टीव्हीत बसला होता! मला एवढा आनंद झाला की काय सांगू.

साहेब हिंदीत म्हणाले की बंद करायची सोय आहे, सेटिंगमध्ये जायचं, मग आत, मग आणखी आत.

"साहब, हमारी काकी को रिमोट का लाल बटन भी चश्मा लगाके दिखता है," मी म्हटलं. "वो इतना अंदर नहीं जाएगी."

साहेब हसले. म्हणाले, लोकांना सवय होईल. शिवाय भिंतीवर बटण दिलं तर लोक ते दाबतील, आणि सेट बंद असला की कंपनी त्या घरात नसते.

"एक मिनट, साहब," मी म्हटलं. उठलो. पडद्याची वायर भिंतीतल्या एका बटणापर्यंत गेली होती, तीस वर्षांचा धंदा आहे, अशा गोष्टी मला आधी दिसतात. मी बटण दाबलं. साहेब गेले.

कुणी हललं नाही. खाली रस्त्यावरून एक डंपर गेला, त्याचा आवाज वर आला आणि विरला. मी मनात दहापर्यंत मोजलं, सुतकाच्या एका दिवसाला एक. मग बटण वर केलं. पडदा काळाच राहिला, मग निळा झाला आणि बऱ्याच वेळानं साहेब परतले. चेहरा लालबुंद.

मी मराठीतच बोललो, बाईंना म्हटलं, "जसंच्या तसं सांगा. साहेब, आत्ता तुम्ही इथं नव्हतात. तुमचं काही बिघडलं नाही, आमचंही नाही. एवढी शांतता आम्हाला दहा दिवस हवी होती. तुम्ही बाजारात या की, बाजार काही माझ्या बापाचा नाही. पण टीव्ही बाजारात एक दिवस असतो आणि घरात दहा वर्षं. ज्या पाहुण्याला 'आता निघा' म्हणता येत नाही, त्याला आमच्याकडे कुणी चहाही विचारत नाही. तुमच्याच भिंतीवर बटण आहे. ते आमच्या भिंतीवर का नको?"

बाईंनी जसंच्या तसं सांगितलं. शब्दही गाळला नाही. साहेबांनी आभार मानले. एवढ्या थंड आवाजात मानलेले आभार मी उभ्या आयुष्यात ऐकले नव्हते. खटका मी टेबलावर ठेवून आलो. नमुना म्हणून.

लिफ्टपाशी बाई म्हणाल्या, "काका, एजन्सी गेली."

"ठाऊक आहे."

"वाईट वाटतंय?"

"चौकट आधीच करून बसलो, त्याचं वाटतंय."

त्या हसल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "माझी आई इथंच राहते. तिच्या टीव्हीला असला खटका बसवून द्याल? आमचा नाही तो, दुसऱ्या कंपनीचा आहे."

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले. काकीनं हात पुसले, भिंतीजवळ गेली आणि स्वतःच्या हातानं खटका दाबला. खट्ट.

"नमस्कार आबा!"

"आबा न्हाईत," काकी त्याला म्हणाली. "मी हाय. कुस्ती लाव."

आठवड्यानं कंपनीची गाडी येऊन सातही टीव्ही घेऊन गेली. काकीच्या घरात मी दुकानातला जुना, पोटवाला टीव्ही लावून दिला. तो कुणाला ओळखत नाही. खटका तोच ठेवला. कंपनी पुढं टीव्हीत उतरली की नाही, ते मला माहीत नाही. बाई म्हणतात, अजून मीटिंगा चालू आहेत.

चौकट मात्र मी रिकामी ठेवली नाही. पौडच्या पेंटरला बोलावलं आणि पिवळ्यावर लाल, ठसठशीत अक्षरांत लिहून घेतलं: "येथे टीव्ही बंद करून मिळेल." पेंटर दोनदा विचारून गेला, चुकलं तर नाही ना. आता बावधनच्या सोसायट्यांतून, शनिवार-रविवारच्या बंगल्यांतून लोक येतात. आधी पाटीचा फोटो काढतात, हसतात, मग आवाज खाली आणून विचारतात, खरंच बसवून देता का?

परवा तोच पौडचा पाहुणा आला. पाटी वाचली, मान हलवली. "आन् चालू करून मिळत न्हाई व्हय हितं?"

"ते तुमचं तुमी करायचं, पाव्हणं," मी म्हटलं आणि खटका त्यांच्या हातात ठेवला.